आबा मिस्त्रींची खोडी

एकदा एक वृद्ध कारागीर आपल्या शिष्याला घेऊन एका व्यापाऱ्याच्या घरी यंत्र बसवायला गेला. यंत्र कसले, तर हिवाळ्यात खोली ऊबदार करणारे आणि उन्हाळ्यात गार करणारे. त्याची एक पेटी घरात भिंतीवर असते, दुसरी घराबाहेर, आणि दोन्हींच्या मधून तांब्याच्या नळ्या व विजेच्या तारा जातात. पूर्वी दृष्टांत सांगायचा म्हणजे गुरू आश्रमात आणि शिष्य समिधा आणायला रानात, असे असायचे. इथे शिष्य शिडीवर आहे आणि गुरू वेताच्या खुर्चीत. तेवढा बदल वाचकांनी चालवून घ्यावा.

वृद्धाला सारे गाव आबा मिस्त्री म्हणे. वय सत्तरीच्या पुढे, नजर शाबूत, हात अजून स्थिर. फक्त तोंडात दात औषधालाही उरला नव्हता. मुलाने हौसेने कवळी करून दिली होती. ती आबांनी चार दिवस लावली, पाचव्या दिवशी डबीत घालून फळीवर ठेवली, ती तिथेच आहे. भाकरी दुधात कुस्करून खायची आणि कामाला लागायचे, असा त्यांचा क्रम होता.

शिष्याचे नाव पुंडलिक. बत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, सहा वर्षे आबांच्या हाताखाली. हात कसबी होता. ते आबाही मान्य करत, पण त्याच्या तोंडावर कधी करत नसत. त्या गावात एक रीत पडली होती. ‘हा आता एकटा जाईल’ असे आबांनी म्हटल्याखेरीज यंत्रे विकणारा कुठलाही दुकानदार कारागिराला एकट्याने काम देत नसे. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. पुंडलिकाला ते एक वाक्य ऐकायचे होते. त्याच्यामागून आलेला एक जण ते वाक्य ऐकून गेला, स्वतःचे काम करू लागला. हा अजून ‘आबांचा पुंडलिक’च होता. ते त्याला डाचत होते, आणि का डाचू नये?

त्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याच्या दारात चपला काढता काढता आबा म्हणाले, “आजचं काम सगळं तू कर. मी कशालाही हात लावणार नाही. संध्याकाळी बघू.”

‘संध्याकाळी बघू’ या दोन शब्दांनी पुंडलिकाच्या अंगावर मूठभर मांस चढले. आज परीक्षा आहे, हे त्याने ओळखले.

व्यापारी भांड्यांचा. बाजारपेठेत मोठे दुकान, स्वभावाने घाईचा, पण मनाने वाईट नाही. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठव्या महिन्यातच मोकळी झाली. बाळ जेमतेम ओंजळीत मावेल एवढे. तीन आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवले होते. त्या दिवशी संध्याकाळी पाचला ते घरी यायचे होते. महिना पौषाचा, आणि त्या गावची पौषातली थंडी म्हणजे सकाळी घागरीतले पाणी हाताला चावावे अशी. डॉक्टरांनी बजावले होते, खोली ऊबदार हवी, पण धूर बिलकूल नको. पोराची फुप्फुसे नाजूक आहेत.

व्यापाऱ्याच्या बायकोला हे काही पटले नव्हते. तिने आपली शेगडी, कोळसे, ओवा, शेपा सगळे काढून ठेवले होते. “बाळ-बाळंतिणीला शेक नको? धुरी नको? आमची चार झाली ती काय यंत्रावर झाली?” असे ती येताजाता ऐकवत होती. तरी नातवाच्या काळजीने तिनेच यंत्राचा हट्ट धरला होता, हेही खरे.

बाहेरची पेटी ठेवायची होती गॅलरीत. तिथेच कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधलेल्या होत्या. व्यापाऱ्याच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पेटी पाहिली आणि त्यांचे तोंड उजळले. “हे बरं झालं हो! बाळाची दुपटी, लंगोट ह्याच्यावरच वाळत घालता येतील. गरम हवा येत असेल ना ह्यातून?”

पुंडलिक हसला. “नाही काकू. हिवाळ्यात हे उलटं. आत ऊब देतं आणि बाहेर गार हवा फेकतं.”

“असू दे बाई. पसरायला तरी जागा होईल.”

आबा खुर्चीतून हे ऐकत होते. त्यांनी एकवार त्या लोखंडी पेटीकडे पाहिले, काकूंच्या ओल्या हातांकडे आणि अनवाणी पायांकडे पाहिले, आणि मग पुंडलिकाकडे. त्यांनी सकाळी आल्या आल्या घराच्या अर्थिंगचा, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारा, खड्डा आणि जिन्याखालचा मुख्य बोर्ड आपला मीटर लावून नीट तपासला होता. ते ठीक आहे, एवढे सांगून ते बसले होते.

पुंडलिकाने कामाला हात घातला. भिंत ठोकून पाहिली, पोकळ जागा सोडून भरीव जागी बोल्ट घेतले. आतली पेटी पाणसळ लावून, सपाटी पाहून बसवली. नळ्या बाहेर काढायचे भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडले, म्हणजे पेटीतले पाणी घरात न येता बाहेर जाईल. तांब्याच्या नळ्यांची तोंडे सावकाश फुलवली, नट हाताने लावले, मग पान्याने आवळले. पंप लावून नळ्यांतली हवा आणि दमटपणा ओढून काढला, दाबाचा काटा अर्धा तास जागचा हलला नाही, तेव्हाच यंत्रातला वायू नळ्यांत सोडला. सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडा येतो का तेही पाहिले. हे सगळे त्याने मन लावून केले आणि चांगले केले. उगाच त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

शेवटी राहिले विजेचे काम. यंत्रासाठी जिन्याखालच्या बोर्डापासून स्वतंत्र तारा ओढून यंत्राशेजारच्या स्विचपेटीत जोडायच्या होत्या. आणि नेमका तेव्हा व्यापारी दुकानातून आला.

“काय हो, अजून शिडीवरच? दोन वाजून गेले! पाचला गाडी दारात येतेय. पोरगी काय गारठ्यात बसणार?”

“झालंच शेठ, झालंच!”

“सकाळपासून ‘झालंच’ ऐकतोय मी.”

आता माणूस शिडीवर, वायरची सालपटे काढायचा चिमटा खाली पिशवीत, आणि खाली उभा राहून गिऱ्हाईक तगादा लावतेय. अशा वेळी आपल्याकडचा कारागीर जे करतो तेच पुंडलिकाने केले. वायर दाताखाली धरली, कचकन ओढली, प्लॅस्टिक थुंकून टाकले. एक तार, दुसरी तार, तिसरी हिरवी, अर्थिंगची. तिन्ही आपापल्या जागी सारल्या, स्क्रू आवळले, प्रत्येक तार ओढून पाहिली. एकही हलली नाही. झाकण लावले आणि तो खाली उतरला.

“झालं, आबा.”

“पाहिलंस?”

“पाहिलं.”

“सगळं?”

“सगळं. बघा ना तुम्हीच. एक स्क्रू सैल सापडला तर नाव बदलीन.”

तेवढ्यात काकूंनी हाक मारली. पिठले-भाकरी तयार होती, आणि पाहुणा असो की मिस्त्री, जेवल्याशिवाय त्या घरातून कुणी जात नसे. आबा म्हणाले, “तू जेवून ये. माझं दूध-भाकर झालंय. मी बसतो इथेच. यंत्र मात्र आल्यावर चालू करू.”

पुंडलिक जेवला. दोन घास जास्तच जेवला, कारण मन हलके झाले होते. संध्याकाळी आबा काय म्हणतील, ते बायकोला कसे सांगायचे, याचा विचार करत हात पुसत तो परत आला. आबा खुर्चीत तसेच बसले होते. फक्त चेहऱ्यावर एक मिस्किल हसू होते, आणि ते हसू पुंडलिकाला मुळीच आवडले नाही.

“पुंडलिका,” आबा म्हणाले, “तू जेवत होतास तेवढ्यात मी एक खोडी केली आहे. तुझ्या या कामात एक दोष घालून ठेवला आहे. शोधून काढ. तोवर यंत्र चालू करायचं नाही.”

“अहो आबा! पाचला बाळ येतंय!”

“म्हणून तर लवकर शोध.”

“पण सकाळी तुम्ही म्हणालात, हात लावणार नाही!”

“म्हणालो होतो खरा,” आबा म्हणाले आणि भिंतीला डोके टेकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुंडलिकाचा संताप झाला. एवढे चांगले केलेले काम, आणि हा म्हातारा त्यात खुसपट काढून ठेवतो! बरे, सांगतही नाही काय केले ते. पण चिडून उपयोग नव्हता. उलट त्याला ईर्षा चढली. सहा वर्षे या माणसाच्या हाताखाली काढली आहेत, याच्या सगळ्या चाली मला ठाऊक आहेत, असे म्हणत त्याने बाह्या सरसावल्या.

आणि मग तो असा शोधू लागला की पाहणाऱ्याने पाहत राहावे. म्हातारा वाकू शकत नाही, म्हणजे खालचे नट त्याने सोडले असणार नाहीत. पण कुणी सांगावे, मुद्दाम वाकलाही असेल. म्हणून त्याने खालचेही पाहिले. प्रत्येक नटावर पाना लावला. साबणाचे पाणी पुन्हा फासले आणि या वेळी खाली आरसा धरून सांध्याची मागची बाजूही पाहिली. पाण्याच्या नळीत तांब्याभर पाणी ओतले आणि ते बाहेर गेल्याचे गॅलरीत जाऊन पाहिले. बोल्ट हलवले. कुठेच काही नाही. मग त्याचे लक्ष तारांकडे गेले. मुख्य बोर्डाचा स्विच बंद असल्याची खात्री करून त्याने पिशवीतून मीटर काढला. तो सकाळपासून तिथेच निजला होता.

मीटरची लांब तार एका टोकाला गॅलरीतल्या लोखंडी पेटीला आणि दुसऱ्या टोकाला जिन्याखालच्या बोर्डात, अर्थिंगच्या पट्टीला लावली. तार सलग असेल तर मीटर पिप्प वाजतो. मीटर वाजला नाही.

“सापडलात!” पुंडलिक जवळजवळ ओरडलाच.

आता तो एकेक टप्पा मागे येऊ लागला. बाहेरची पेटी ते आतली पेटी, वाजले. आतली पेटी ते स्विचपेटी, वाजले. स्विचपेटी ते बोर्ड, चिडीचूप. त्याने स्विचपेटीचे झाकण काढले. हिरवी तार स्क्रूखाली पक्की होती. ओढली, तर हलेना. दुसरा कुणी असता तर झाकण लावून मोकळा झाला असता. पण पुंडलिक आज आबांची लबाडी पकडायला बसला होता. त्याने स्क्रू सोडवला, तार बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तार गरजेपेक्षा फार आत सारलेली होती. स्क्रू रुतला होता तो तांब्यावर नव्हे, तर वरच्या हिरव्या प्लॅस्टिकवर. तांबे पुढे तसेच कोरडे राहिले होते, कशालाही न टेकता. यंत्र चालले असते, खोलीही उबली असती, आणि कुणाला कधी कळलेही नसते.

“मानलं आबा तुम्हाला!” पुंडलिक शिडीवरूनच म्हणाला. “काय डोकं लावलंय! तार ओढली तर घट्ट, बघितली तर जागच्या जागी, आणि आतून पार तुटलेली. अहो, पण असली थट्टा करायची? काकू ओली दुपटी घालणार त्या पेटीवर. उद्या आत कुठे एखादी तार घासली गेली आणि पेटीत वीज उतरली, तर ती जमिनीत जायला वाटच नाही. हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल!”

आबांनी डोळे उघडले. “इतकं वाईट आहे?”

“वाईट? जीव जाईल माणसाचा!”

“समजा, मी थट्टेने केलं नसतं. एखाद्या कारागिराने कामात असं करून ठेवलं असतं. तर त्याला काय करावं?”

“त्याला?” पुंडलिक क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “त्याला एकट्याला कुठे पाठवूच नये.”

पुंडलिकाने नवे टोक करण्यासाठी तार पुन्हा उजेडात धरली आणि त्याचा हात थबकला. तांब्याच्या अलीकडे, हिरव्या प्लॅस्टिकवर, दोन बारीक खळगे होते. वरचा दात, खालचा दात. प्लॅस्टिक चिमट्याने कापलेले नव्हते; कुणीतरी चावून तोडले होते. आणि तांब्यावर स्क्रूची एकही खूण नव्हती, म्हणजे तार पहिल्यापासून अशीच बसलेली होती.

त्याने सावकाश मान वळवून आबांकडे पाहिले. आबा हसत होते, आणि त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता.

पुंडलिक शिडी उतरला आणि शेवटच्या पायरीवर बसला. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. मघाशी गॅलरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आपण काय बोललो, ते त्याला शब्दन्‌शब्द आठवत होते. आजचे काम गेले, संध्याकाळ गेली, ते वाक्यही गेले, असे त्याला वाटले.

“तुम्ही काही केलंच नव्हतं,” तो म्हणाला.

“हात लावणार नाही म्हणालो होतो. लावला नाही.”

“मग मला सरळ सांगायचं ना, की तार चुकली आहे म्हणून!”

“मला ठाऊक असतं तर सांगितलंच असतं रे. घरात तान्हं मूल यायचंय, अशा वेळी कोडी घालत बसू का? मला काही ठाऊक नव्हतं. मी खोटं बोललो, ते पाप माझ्या माथी. पण ऐक. तू स्वतःचं काम तपासलंस तेव्हा ते बरोबर आहे हे पाहायला गेलास, आणि तुला ते बरोबर दिसलं. मग माझी खोडी शोधायला निघालास, तेव्हा चूक आहेच असं धरून गेलास. आरसा काढलास, पाणी ओतलंस, मीटर काढलास. डोळे तेच, हातही तेच. आपल्यात म्हणतात ना, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. लोक ते कुचाळकी करणाऱ्याला म्हणतात. पण चांगला कारागीरसुद्धा तसाच वागतो बघ. आपल्या कामावर झाकण लावायची त्याला फार घाई असते.”

पुंडलिक खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने विचारले, “तुमच्या कामात कोण खोडी करतं, आबा?”

“रोज कुणीतरी करतं. काम झालं की मी स्वतःला सांगतो, मघाशी मी पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात एक लबाड माणूस आला आणि एक दोष घालून गेला. मग मी त्या लबाडाला शोधतो. चाळीस वर्षांत तो चौदा वेळा सापडला.” आबा हसले. “चौदाही वेळा मीच होतो.”

पुंडलिकाला हसू आले नाही. त्याने पिशवीतून चिमटा काढला, तारेचे चावलेले टोक कापून टाकले, नवे टोक सोलले, तांबे स्क्रूखाली धरले, आवळले. मीटर लावला. पिप्प वाजले.

“लाव आता चालू,” व्यापारी दारातून म्हणाला. पावणेपाच झाले होते. त्याला एवढेच कळले होते, की मघाशी काहीतरी सापडले आणि आता ते ठीक झाले. “खोली तापायला वेळ लागेल ना?”

पुंडलिकाचा हात स्विचपर्यंत गेला आणि तिथून परत आला.

आबांनी एक दोष घातला आहे असे सांगितले होते, म्हणून एक सापडताच त्याने शोध थांबवला होता. पण आबांनी तर काहीच घातले नव्हते. मग दोष एकच आहे, हे कुणी सांगितले? दुसऱ्या दोन ताराही त्याने दातांनीच सोलल्या होत्या.

“थांबा, शेठ,” तो म्हणाला. “अजून पाहायचंय.”

“आता काय पाहायचंय? सापडलं ना!”

“एक सापडलं.”

खाली गाडीचा भोंगा वाजला. जिन्यावर गडबड झाली, काकूंच्या हातातले भाकरतुकडा ओवाळायचे ताट खणखणले, कुणीतरी ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणाले. मुलगी दुलईत गुंडाळलेले बाळ घेऊन वर आली. पुंडलिक दारात आडवा उभा राहिला. एरवी गिऱ्हाइकाच्या आवाजाने लगबगणारा तो माणूस, पण आता त्याचा आवाज शांत होता.

“ताई, बाळाला घेऊन स्वयंपाकघरात बसा. तिथे गॅसची ऊब आहे, धूरही नाही. मला अर्धा तास द्या.”

“अहो, पण…” व्यापारी सुरू झाला.

“अर्धा तास, शेठ. त्याच्या आत मी चालू करणार नाही.”

व्यापाऱ्याने खुर्चीकडे पाहिले. आबांनी या पोराला काही सांगावे, अशी त्याची अपेक्षा असावी. मग तो मुलीला घेऊन आत गेला.

पुंडलिक पहिल्या बोल्टापासून लागला. या वेळी त्याला राग नव्हता आणि कुणावर मात करायची ईर्षाही नव्हती. त्यामुळे हे काम मघापेक्षा अवघड गेले. त्याने उरलेल्या दोन्ही तारा काढल्या. एकीची टोके ठीक होती. दुसरीचा एक तंतू दाताने तुटला होता. ते टोकही त्याने नवे केले. सांधे पाहिले, नळी पाहिली, बाहेरच्या पेटीचे पाय पाहिले. शेवटी मीटर पिशवीत ठेवला, कपाळ पुसले आणि म्हणाला, “आबा, करू चालू?”

त्याने वळून पाहिले. वेताची खुर्ची रिकामी होती.

“ते गेले मघाशीच,” काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. बाळ त्यांच्या खांद्याशी होते. “मी म्हटलं, थांबा, काम होऊ द्या, चहा घेऊन जा. तर म्हणाले, मिस्त्री आत आहे, मी थांबून काय करू?”

पुंडलिक थोडा वेळ त्या खुर्चीकडे पाहत उभा राहिला. मग त्याने स्वतःच्या हाताने यंत्र चालू केले.